शिसं सोडून तांब्याच्या बुलेटवर येताना: रीलोडिंगमध्ये कुठे चुकतं आणि कुठल्या क्रमाने करायचं

शिकारीचा सीझन तोंडावर आला की तेच तेच ऐकायला मिळतं. कुणीतरी तांब्याच्या १५० ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप) बुलेटचा डबा आणतो, शिशाच्या १५० ग्रेन बुलेटचं वर्षानुवर्षं चाललेलं लोड (पावडरचं ठरलेलं प्रमाण) तसंच्या तसं भरतो, काडतुसाची लांबीही तीच ठेवतो, आणि मग एकतर बोल्ट उचलताना हात अडतो किंवा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) वितभर पसरतो. मग निकाल लागतो, तांबं बेकार. बिचाऱ्या तांब्याचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो हो, वजन सारखं आहे म्हणजे बुलेट सारखीच असं आपण धरून चालतो तिथेच सगळं फिसकटतं.

तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३४ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे तांबं साधारण एक-पंचमांश हलकं. जाडी तर नळीने ठरवून टाकलेली, ती बदलता येत नाही, मग तेवढंच वजन भरायला बुलेट लांब करण्यावाचून गत्यंतर नाही. पुढे जे काही येणार आहे, ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) म्हणा, जंप (त्या खाचांत शिरण्याआधी बुलेट मोकळी धावते ते अंतर) म्हणा, पावडर म्हणा, ते सगळं या वाढलेल्या लांबीतून आणि तांब्याच्या कडकपणातून येतं.

शिशाच्या बुलेटने आधीपासून रीलोडिंग करणाऱ्यासाठी, म्हणजे काडतुसं स्वतः भरणाऱ्यासाठी, हे लिहिलंय. पहिल्यांदाच प्रेस घेत असाल तर आधी जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिका. आणि परवाना, रीलोडिंगची परवानगी, शिकारीचे नियम हे तुमच्या ठिकाणी काय आहेत ते आधी बघा, त्यात अंदाजपंचे नको.

## १. डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा

तांब्याचा रंग दिसला म्हणजे लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेली, असं नाही. नेहमीच्या जॅकेटेड बुलेटलाही बाहेरून तांब्याचंच कवच असतं आणि पोटात शिसं असतं, कॉपर-प्लेटेडचीही तीच गत. डब्यावर लेड-फ्री, मोनोलिथिक किंवा ऑल-कॉपर असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरा घोटाळा 'सॉलिड' या शब्दाचा. आपण बोलताना सगळ्याच अखंड तांब्याच्या बुलेटला सॉलिड म्हणतो, पण कॅटलॉगमध्ये सॉलिड म्हणजे बऱ्याचदा न फुलणारी बुलेट, जी जाड कातडीच्या अवाढव्य जनावरांसाठी किंवा नुसत्या टार्गेटसाठी असते. हरणासारख्या जनावराला ती लागली तर पेन्सिलएवढं भोक पाडून आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन लांब पळतं. बऱ्याच ठिकाणी अशा बुलेटने शिकार करणं बेकायदाही आहे. आपल्याला हवी ती टोकाला पोकळी असलेली, फुलणारी बुलेट, पोकळीवर प्लास्टिकचं टोक असो वा नसो.

तपासा: डब्यावर 'एक्सपांडिंग' किंवा शिकारीसाठी असल्याचा उल्लेख आहे ना? नसेल तर डबा परत करा.

वजन निवडताना एक पायरी खाली या. शिशात १६५-१८० ग्रेन वापरत असाल तर तांब्यात १५०-१६५ बघा. "हलकी घेतली तर आत जाणार नाही" ही भीती शिशाच्या अनुभवातून आलेली आहे. शिशाची बुलेट आत तुटत जाते म्हणून आपण वजन जास्त घ्यायचो. तांब्याची बुलेट फुलते पण वजन जवळजवळ सगळं धरून ठेवते, त्यामुळे कमी वजनातही खोल जाते आणि वरून वेग जास्त मिळतो. तो वेग का लागतो ते आठव्या टप्प्यात.

## २. तुमच्या नळीचा ट्विस्ट ही लांबी सांभाळेल का

हे लोक सोडूनच देतात. ट्विस्ट नळीवर कोरलेला नसेल तर मोजून काढा, दहा मिनिटांचं काम आहे. रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोन्ही बघा, मूठ फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून नळीत ढकला, मझलपाशी (नळीच्या तोंडापाशी) रॉडवर एक खूण करा आणि रॉडच्या वरच्या बाजूला मार्करने एक उभी रेघ. मग हळूहळू ओढत राहा, ती उभी रेघ पूर्ण एक चक्कर मारून परत वर आली की थांबा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा ट्विस्ट. एकदा मोजून विश्वास ठेवू नका, तीनदा मोजा, पॅच घसरला तर आकडा चुकतो.

आता मिलरच्या सूत्रात (बुलेट स्थिर उडेल का ते सांगणारं सूत्र) बसवून बघा. समजा .३०८ इंच जाडीची १६८ ग्रेन बुलेट आणि नळी १२ इंचाला एक फेरा. शिशाची बुलेट १.२१ इंच लांब असेल तर स्थिरतेचा आकडा येतो सुमारे १.७६, म्हणजे निवांत. तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट १.३५ इंच लांब असेल तर तोच आकडा १.२८ वर घसरतो. साधारण १.४-१.५ च्या वर असावा असं धरतात. आणि हे हवामान १५ अंशाचं असताना. उणे १० अंशात हवा दाट होते, आकडा १.१७ पर्यंत येतो, म्हणजे उन्हाळ्यात रेंजवर जेमतेम चालणारं लोड ऐन थंडीत, नेमकं शिकारीच्या वेळी, दगा देऊ शकतं. तीच बुलेट १० इंच ट्विस्टच्या नळीत १.८५ च्या आसपास येते, काही प्रश्न नाही.

बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर हेच सूत्र वापरतात, फक्त बुलेटची खरी लांबी व्हर्नियरने मोजून टाका. प्लास्टिकचं टोक असेल तर त्याची लांबी वेगळी टाकायची सोय काही कॅल्क्युलेटरमध्ये असते, ती वापरा, कारण टोकाला वजन नाहीच्या बरोबर, ते धरलं तर आकडा उगाच कमी दिसतो.

इशारा: कागदावर भोक गोल न येता आडवं, किल्लीच्या भोकासारखं आलं तर ती बुलेट तुमच्या नळीची नाही. पावडर बदलून ते सुटणार नाही, हलकी म्हणजेच आखूड बुलेट घ्या.

## ३. नळी आधी धातूपर्यंत साफ करा

जुन्या जॅकेटेड बुलेटचं जॅकेट मिश्रधातूचं असतं, शुद्ध तांब्याचं नव्हे, आणि त्या जुन्या थरावर नवीन तांबं घासत गेलं की थर पटकन वाढतो आणि ग्रुप उघडतो. म्हणून बुलेटची जात बदलताना नळी एकदा तळापासून साफ करायची.

आधी नेहमीच्या सॉल्व्हंटने काजळी काढा, मग तांबं काढणारं सॉल्व्हंट. पॅच निळा-हिरवा येतो, तो यायचा बंद होईपर्यंत. अमोनियावालं सॉल्व्हंट असेल तर बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त वेळ नळीत ठेवू नका आणि दोन वेगळी सॉल्व्हंट नळीत एकत्र करू नका. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

इथे मी स्वतः तीन संध्याकाळी घालवल्यात. घासतोय घासतोय, पॅच निळाच. नळीत एवढं तांबं कुठून येतंय म्हणून वैतागलो होतो, मग लक्षात आलं की माझा जॅग (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा भाग) पितळी आणि ब्रश ब्राँझचा, सॉल्व्हंट त्यांनाच खात होतं! नायलॉनचा ब्रश आणि पितळ नसलेला जॅग घेतला, चौथा पॅच पांढरा.

तपासा: शेवटी कोरडे पॅच फिरवा, चेंबर (काडतूस बसायची जागा) पुसून कोरडं करा. ओल्या नळीतून पहिली गोळी झाडायची नाही.

## ४. लँड्सपर्यंतचं अंतर नव्याने मोजा

लँड्स म्हणजे नळीतल्या खाचांमधल्या उंच कडा, चेंबरपुढे त्या जिथे सुरू होतात तिथपर्यंतचं हे अंतर. जुन्या बुलेटचं माप इथे उपयोगाचं नाही, कारण ओजाइव्हचा (बुलेटच्या पुढच्या निमुळत्या भागाचा) आकार वेगळा. गेज असेल तर उत्तम. नसेल तर रॉडची जुनी पद्धत: रायफल रिकामी, बोल्ट कॉक करून बंद, सपाट टोकाचा रॉड मझलकडून आत घालून बोल्टच्या तोंडाला टेकवा, मझलच्या कडेला धारदार पेन्सिलने खूण. मग बोल्ट काढा, नुसती बुलेट (केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच नाही, पावडर नाही) चेंबरमधून आत सोडून लाकडी काडीने हलकेच लँड्सला टेकवून धरा, आणि मझलकडून रॉड बुलेटच्या टोकाला टेकेपर्यंत आणून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ही बुलेट लँड्सला टेकलेली असताना काडतुसाची पूर्ण लांबी. काडीवर जोर दिलात तर बुलेट लँड्समध्ये घुसते आणि माप खोटं येतं. पाच वेळा करा, सरासरी घ्या.

आता यातून जंप वजा करा. शिशाच्या बुलेटला लँड्सच्या अगदी जवळ बसवायची सवय असते, तांब्याला ती सोडा. बार्न्ससारखे बुलेट बनवणारे ०.०५० इंचापासून, म्हणजे सव्वा मिलिमीटरपासून, सुरुवात करा असं सांगतात, आणि बऱ्याच रायफली त्याहून जास्त जंपवरही छान मारतात. कडक तांबं लँड्सला टेकवून ठेवलं तर दाब एकदम चढतो, कारण बुलेटला खाचांत शिरताना धावायला जागाच मिळत नाही.

मग मॅगझिनमध्ये बसतं का ते बघा. बसत नसेल तर मॅगझिनची लांबी हीच तुमची लांबी, जंप ०.१०० इंच झाली तरी घाबरू नका, आधी मारून बघा.

हे माप कंपॅरेटरने (व्हर्नियरला लावायचं जोडसाधन) ओजाइव्हवर घेऊन वहीत लिहा. टोकावरून मोजत बसलात तर एकाच डब्यातल्या बुलेट्स वेगवेगळ्या दिसतील.

## ५. लोड डेटा त्याच बुलेटचा

ही पायरी चुकली तर ग्रुप बिघडण्यावर भागत नाही, डोळा जाऊ शकतो.

लांब बुलेट केसमध्ये खोल जाते, पावडरची जागा खाते. तांबं कडक, त्यामुळे खाचांत शिरताना विरोध जास्त. म्हणून शिशाच्या १५० ग्रेनचा डेटा तांब्याच्या १५० ग्रेनला लावायचा नाही, नाही म्हणजे नाही. बुलेट बनवणाऱ्याचं मॅन्युअल किंवा पावडर बनवणाऱ्याचा छापील डेटा घ्या, ज्यात हीच बुलेट नावानिशी आहे. एका कंपनीच्या तांब्याच्या बुलेटचा डेटा दुसरीच्या बुलेटलाही चालत नाही, कुणाच्या अंगावर खाचा असतात कुणाच्या नसतात, कुणी शुद्ध तांबं वापरतं कुणी मिश्रधातू, घर्षण वेगळं म्हणजे दाब वेगळा. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवला म्हणून तर मुळीच नाही.

सुरुवात मॅन्युअलच्या स्टार्टिंग लोडपासून, मग साधारण एक टक्क्याच्या पायऱ्यांनी वर. ४५ ग्रेनच्या आसपास पावडर असेल तर अर्ध्या ग्रेनहून मोठी उडी नको. प्रायमर बदलला, केसची कंपनी बदलली, पावडरचा लॉट बदलला, तर परत खालून.

## ६. टेबलावर: केस, पावडर, सीटिंग

केस बघणं, रिसाइझ, ट्रिम, प्रायमर हे तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, काट्याला चेक-वेट लावून बघायचं, फोन दुसऱ्या खोलीत. पावडर भरून झाली की ट्रेवर टॉर्च मारून सगळ्या केसमध्ये डोकवा, पातळी सारखी दिसली पाहिजे.

तांब्यासाठी वेगळं काय, तर तीन गोष्टी.

केसच्या तोंडाची आतली धार नीट घासून बोथट करा, म्हणजे चॅम्फर करा. शिशाची बुलेट धारदार तोंडातूनही घुसते, तांब्याची खरवडली जाते, आणि मग प्रेसखाली सोनेरी कीस दिसतो. कीस दिसला की थांबा, चॅम्फर परत करा.

सीटिंग स्टेम (बुलेट केसमध्ये दाबून बसवणारा दांडा) बुलेटच्या टोकावर टेकतोय का बघा. एक रिकामी केस, प्रायमर नाही पावडर नाही, असा डमी बनवून बुलेटचं टोक भिंगाखाली बघायचं. प्लास्टिकचं टोक चेपलं किंवा पोकळीचं तोंड आवळलं गेलं असेल तर फुलण्यावर परिणाम होतो, आणि दर वेळी लांबीही वेगळी येते. अशा वेळी निमुळत्या बुलेटसाठीचा खोल स्टेम मिळतो तो लावा.

तिसरी, कॉम्प्रेस्ड लोड. लांब बुलेट पावडरला दाबून बसली तर पावडर तिला हळूहळू बाहेर ढकलते. रात्री मोजून ठेवलेली काडतुसं सकाळी मोजली तर माझी दहातली चार लांब निघाली होती, एक तर चांगली ०.०२० इंचाने! जंप ठरवण्यात घालवलेला अख्खा दिवस वाया. मॅन्युअलमध्ये त्या लोडपुढे कॉम्प्रेस्ड अशी खूण असते, शक्य असेल तर त्याच मॅन्युअलमधली कमी जागा घेणारी पावडर निवडा.

तपासा: दुसऱ्या दिवशी प्रत्येक काडतूस परत मोजा. मगच डबा बंद करा.

क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) सरसकट करू नका. जोरदार झटक्याच्या रायफलीला किंवा ट्यूब मॅगझिनला लागतो, तेव्हा हलका आणि बुलेटवरच्या खाचेतच. तांबं शिशासारखं दबत नाही, खाच सोडून आवळलं तर केसची मान वाकते.

## ७. रेंजवर: आधी दाब, मग जंप

दोन्ही एकदम बदलू नका, मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आधी जंप ०.०५० वर (किंवा मॅगझिन देईल तिथे) पक्की ठेवून पावडरच्या पायऱ्या चढा. प्रत्येक पायरीची एक-दोन काडतुसं, क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजायचं यंत्र) लावलेला. बोल्ट उचलताना जड लागला, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा आला, प्रायमरचा खड्डा सैल झाला, तर तिथेच थांबा, त्याहून जास्त भरलेली काडतुसं घरी नेऊन पुलरने उघडा. "आणलीच आहेत तर मारून टाकू" हे नको. नुसता प्रायमर चपटा झाला की नाही यावर भरवसा ठेवू नका, तो दोन्हीकडून फसवतो. आणि वेगाकडे बघा. मॅन्युअलच्या कमाल लोडचा वेग तुम्हाला आधीच मिळाला तर दाबही तिथे पोचलाय, केस कितीही छान दिसली तरी.

नळी स्वच्छ असेल तर पहिल्या पाच-दहा गोळ्यांचा ग्रुप बघून निराश होऊ नका, तांब्याचा पातळ थर बसेपर्यंत बऱ्याच नळ्या इकडेतिकडे मारतात.

दाबाच्या दृष्टीने निवांत असलेली एक पायरी निवडा आणि आता जंप बदला: ०.०५०, ०.०७०, ०.०९०, प्रत्येकी पाच गोळ्या. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही छान येतो. ०.०५० च्या आत, लँड्सकडे सरकायचं असेल तर पावडर दोन पायऱ्या कमी करून परत चढा. माझ्या एका रायफलीला ०.०८० आवडलं, त्याच कॅलिबरच्या दुसरीला ०.०५०. का, ते शोधायला गेलो नाही.

दर १५-२० गोळ्यांनी ग्रुप उघडतोय असं वाटलं तर नळीतलं तांबं काढा आणि त्या आकड्याची नोंद ठेवा.

## ८. झिरो आणि अंतराची मर्यादा

जुना झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि भोक जुळवून ठेवलेली सेटिंग) विसरा. शंभर मीटरवर काही इंच सरकलेला मिळणं अगदी नेहमीचं, परत झिरो करा, आणि शेवटची तपासणी शिकारीला नेणार त्याच डब्यातल्या काडतुसांनी.

आता तो वेगाचा मुद्दा. तांब्याची बुलेट फुलायला आघाताचा वेग लागतो, बहुतेक बनवणारे १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंदाच्या आसपास किमान आकडा देतात, लांब पल्ल्यासाठीच्या काही बुलेट्सचा याहून कमी असतो. तुमच्या बुलेटचा नेमका आकडा बघा. क्रोनोग्राफवर आलेला स्वतःचा वेग बॅलिस्टिक ॲपमध्ये टाका, मॅन्युअलमधला नको, कारण तिथली टेस्ट नळी बऱ्याचदा २४ इंचांची असते आणि तुमची २० ची असेल तर शंभर फूट सहज कमी भरतात. ॲपमध्ये वेग ज्या अंतरावर त्या किमान आकड्याच्या खाली जातो तिथे तुमची हद्द संपली. मी त्यातूनही पन्नास मीटर वजा करतो. त्यापलीकडे बुलेट लागेल, पण फुलणार नाही, आणि मग पहिल्या टप्प्यातल्या न फुलणाऱ्या सॉलिडचीच गत.

## ९. निशाणा कुठे आणि मागे काय

शिशाची बुलेट आत फुटून तुकडे पसरवते, त्यामुळे थोडी मागे फुफ्फुसात लागली तरी काम होतं. तांबं एक सरळ बोगदा पाडत जातं. म्हणून निशाणा थोडा पुढे, खांद्याच्या रेषेत, जिथे हाड आणि वरची रक्तवाहिन्यांची जागा एकत्र सापडते. हाडावर लागली म्हणून तांब्याची बुलेट सहसा फुटत नाही, ती भीती सोडा. फासळ्यांतून गेली तर जनावर काही अंतर पळू शकतं, हुकलं असं समजून निघून जाऊ नका, लागलेल्या जागेवर जाऊन रक्त, जनावराच्या अंगावरचे केस शोधा, आणि शेवटपर्यंत माग काढा.

इशारा: बुलेट बहुतेक वेळा जनावराच्या आरपार जाते आणि वजन शाबूत ठेवून जाते, दगडावर किंवा गोठलेल्या जमिनीवर उसळीही मारते. मागे मातीचा उतार किंवा बांध नसेल तर ट्रिगरवरून बोट काढा. कळपात तर मागे दुसरं जनावर नाही हे बघितल्याशिवाय नाहीच.

डब्याला चिकटवायच्या चिठ्ठीवर बुलेट, पावडर आणि तिचा लॉट, प्रायमर, ओजाइव्हपर्यंतची लांबी, वेग, तारीख आणि 'फक्त अमुक रायफल' एवढं लिहा. जुनी शिशाची काडतुसं वेगळ्या खणात ठेवा, अंधारात पहाटे निघताना दोन्ही डबे हाताला सारखेच लागतात.